पांगोपांगोहून थेट

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. कारण फक्त तांत्रिक. माझ्या नोंदी पुढेमागे गावाच्या उपयोगी पडतील. गावाची तेवढी लायकी नाही, तरीही.

येत्या रविवारी लहान मुलांचा रविवार. पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये एकेक वचन म्हणतात, मग आधी ती जेवतात आणि आम्ही मोठी माणसं त्यांना वाढतो. वर्षातून एकदाच त्यांचं राज्य. माझी नात मासिना, वय सहा, समुद्रापलीकडे पांगोपांगोला असते. अमेरिकनांच्या सामोआत; आम्ही शेजारच्या स्वतंत्र सामोआत. यंदा पहिल्यांदाच एकटी उभी राहून वचन म्हणणार. कोणतं, ते गुपित. तिचा बाप एटी, म्हणजे माझा मुलगा, फोनवर म्हणाला, बाबा, आमच्या चर्चच्या वेबसाइटवर रविवारी दुपारी दोनला थेट दाखवणार आहेत. पोर रोज विचारते, आजोबा बघणार ना? म्हटलं, बघणार म्हणजे बघणार. शब्द दिला.

लोसाचं (बायको) मत: आपण अपेलूच्या दुकानात बघू, त्याच्याकडे केवढा मोठा टीव्ही आहे. अपेलू हा तिचा भाऊ. डबाबंद मासे विकतो. माशांच्या डब्यांच्या वर, भिंतीवर, माझी नात? मुळीच नाही. एटीने नाताळात पाठवलेला लॅपटॉप घरात आहे आणि मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. या बेटावरचं प्रत्येक भांडण आणि प्रत्येक लग्न माझ्या हातातल्या वायरीतून गेलं.

पाद्रीसाहेब, पाद्रीणबाई आणि शेजारी मिळून अकरा जणांना आमंत्रण दिलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

चाचणी. चर्चच्या साइटवर मागच्या वर्षीचा कार्यक्रम लावला. चित्र आलं. आवाज नाही.

अपेक्षितच होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी जन्मात एक वायर सोललेली नसणार. रिफ्रेश केलं, सहा वेळा. मशीन बंद करून सुरू केलं, चार वेळा. कॅशे साफ. कुकीज साफ. त्यांच्याबरोबर सगळे पासवर्डही साफ झाले. नाहीतरी मला ते आवडत नव्हते.

लोसा म्हणाली, अहो, आधी चालत होतं ना? हा प्रश्न न शिकलेली माणसंच विचारतात.

बुधवार, ८ ऑक्टोबर

अपेलू कोको प्यायला आला. कोणी विचारलेलं नसताना स्क्रीनमध्ये डोकावला, वरच्या टॅबवरच्या इवल्याशा स्पीकरवर बोट दाबलं. आवाज आला. म्हणाला, भाऊजी, टॅबच म्यूट होता की!

नोंद करून ठेवतो: माझ्या दोन दिवसांच्या साफसफाईचा परिणाम नेमका त्याच क्षणी दिसला. योगायोगाचं श्रेय घेणारी माणसं असतातच. दुसरा कप विचारला नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आवाज अजून चालू आहे. म्हणूनच संशय येतो.

मूळ रोग शोधला पाहिजे. इंटरनेटवर एका मंचावर कोणीतरी लिहिलंय की हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करावं. बंद केलं. आता चित्र टप्प्याटप्प्याने हलतं. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमातले पाद्री आशीर्वादाला हात वर करतात आणि तो तसाच वर राहतो. माझ्या मते भक्तिभाव वाढतो.

ड्रायव्हर अपडेट केले. कशाचे ते दिसलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

लोसा म्हणाली, काही नाही जमलं तर माझ्या फोनवर बघू. फोनवर नात बघायची म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघायचं. बोललो नाही, पण तिला चेहऱ्यावरून कळलं असावं. जेवण गार मिळालं.

एटीचा फोन. म्हणे, बाबा, दोन वाजता म्हणजे आमच्याकडचे दोन हं. विचारलं, तुझ्या घड्याळात आता किती वाजलेत? म्हणाला, साडेचार. माझ्याही घड्याळात साडेचार. विषय संपला. तो पुढे काहीतरी सांगत होता, पण मी ठेवून दिला. पांगोला हजारो कॉल जोडलेल्या माणसाला हा पोरगा वेळ शिकवतोय! कारखान्यात मासे मोजतो तो. एका मिनिटाचा फरक मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

निश्चय: आज मशीनला हात लावायचा नाही.

दुपारी ब्राउझर बदलला. संध्याकाळी जुना परत आणला. आता दोन्ही आहेत आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

रविवार, १२ ऑक्टोबर

दुपारी १.३०. सकाळी चर्च. गावातल्या पोरांनी वचनं म्हटली. बरी म्हटली, मासिनाची सर नाही. मग पोरांना वाढलं. मी स्वतः पालुसामीचं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं, भांडं घेऊन फिरलो. अकराच्या अकरा पाहुणे आलेत. पाद्रीणबाईंनी केक आणलाय. लॅपटॉप टेबलावर, खाली बायबल ठेवून उंची साधली.

१.५८. साइट उघडली. चर्चचा फोटो दिसतोय. सगळे गप्प. मीही भारावलो.

२.०४. अजून फोटोच. खाली लिहिलंय: कार्यक्रम अद्याप सुरू झालेला नाही. पाहुण्यांना समजावलं की हे वाक्य ब्राउझर तोंड लपवायला लिहितो. याचा खरा अर्थ, मला चित्र उलगडता येत नाही.

२.१५. रिफ्रेश. कॅशे. दुसरा ब्राउझर. तोच फोटो, जरा लहान.

२.३०. राउटर उचलून खिडकीत नेला. मग नारळाच्या झाडाखाली नेला. वायर पुरली नाही.

२.४०. अपेलू उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, भाऊजी, तिकडे आज शनिवार आहे. मागे सरकारने तारीख बदलली तेव्हा आपण एक शुक्रवार गिळून पुढे आलो, ते लोक मागच्याच दिवसात राहिले. घड्याळ तेच, पण वार एक मागे.

माशांच्या दुकानदाराचं खगोलशास्त्र! मी एक्स्चेंज सोडल्यानंतर सरकारने काय काय पोरखेळ केले त्याच्याशी माझा संबंध नाही. मी त्याला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. म्हटलं, इथे किती? दोन चाळीस. तिथे किती? तोही म्हणाला, दोन चाळीस. मग बस खाली, म्हटलं. देवाने मुलांना एक रविवार दिलाय, दोन नाही. पाद्रीसाहेब केक खाताना खोकले. त्यांना माझं म्हणणं पटलं असावं.

३.२०. पाहुणे गेले. जाताना प्रत्येक जण लोसाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. सांत्वन करत असणार. तिने मला सांगितलं, जाऊ द्या, उद्या बघू. बिचारीने आशा सोडली.

५.००. मासिना आज उभी राहिली, तिने वचन म्हटलं, आणि मी ते पाहिलं नाही. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही. दोष शंभर टक्के मशीनचा. एटीला फोन केला नाही, उगाच त्याने मशीनची बाजू घेतली असती.

उद्या मशीन पूर्ण पुसून नव्याने बसवणार. रोग मुळापासून उपटणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी १०. आज सुट्टी. मुलांच्या रविवारानंतरचा सोमवार सरकार सुट्टी देतं, कारण लोकांना एक दिवस खाऊन दुसऱ्या दिवशी काम झेपत नाही. मी कामाला लागलो.

दुपारी १.४०. आतली खोली बंद, आतून कडी. ताकीद दिली आहे की कोणीही त्रास द्यायचा नाही. बटण दाबलं. मशीन म्हणालं, सगळं जाईल, चालेल? चालेल.

१.५०. लोसाने दार वाजवलं. मी कामात आहे म्हटलं. काहीतरी बोलली. मी जोरात म्हटलं, कामात!

१.५५. आता अपेलू. भाऊजी, चला, चला लवकर. म्हटलं, तुझ्याकडे रग्बी लागली असेल तर तू बघ. गेला.

२.१०. अकरा टक्के. अख्खं गाव अपेलूच्या दुकानात लोटलंय, इथवर गलका येतो. त्याने टीव्हीला लाउडस्पीकर जोडलाय. रिकामटेकडे. सुट्टीचा एक दिवस मिळाला तर तोही दुसऱ्याच्या भिंतीकडे बघण्यात घालवायचा. पाद्रीसाहेबांचं हसणंही ओळखू आलं. अपेक्षा नव्हती.

२.२५. एकवीस टक्के. रग्बी नाही, गाणी चालली आहेत.

२.३५. सत्तावीस टक्के. आता कोणीतरी लहान मुलगी बोलतेय. स्पीकर फाटका आहे, तरी आवाज खणखणीत. प्रत्येक शब्द सुटा. कोणाची पोर असेल ती असो, घरच्यांनी चांगली शिकवली आहे. क्षणभर हात थांबला.

२.३७. आवाज गेला. मध्येच, वाक्यात. दुकानात चिडीचूप. मी मनात मोजलं, वीस सेकंद, तीस. बफरिंग! अपेलूचा मोठा टीव्ही, अपेलूचा स्पीकर, आणि ऐन वेळी बफरिंग! खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. गेल्या आठवड्यातला पहिला चांगला क्षण.

मग एकदम आवाज परत आला, पोरीने शेवटपर्यंत म्हटलं, आणि सगळं गाव टाळ्या पिटायला लागलं. बफरिंग संपलं म्हणून टाळ्या वाजवणारं गाव.

४.५०. मशीन नवं झालं. पहिलाच प्रश्न विचारतंय, तुम्ही कुठे राहता आणि आज वार कोणता. उद्धट.

संध्याकाळी ५.३०

लोसा आली. डोळे लाल, चेहरा हसरा. म्हणाली, अहो, दार का नाही उघडलंत? तुमच्या नातीला पाहायला सगळं गाव आलं होतं आणि तुम्ही तेवढे नव्हतात. तिकडे आज रविवार आहे हो. किती वेळा सांगायचं?

मी म्हटलं, मला माहीत होतं.  

तेवढ्यात एटीचा फोन. त्याने सरळ मासिनाला दिला. तिने विचारलं, आजोबा, बघितलंत? लोसा समोर हाताची घडी घालून उभी. मी म्हटलं, बघितलं म्हणजे काय, पहिल्यापासून शेवटपर्यंत! एका दमात म्हटलंस, कुठे म्हणून अडखळली नाहीस.

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं लाइन गेली. कानाला दाबून ऐकलं. लाइन ठीक होती, तिचा श्वास येत होता.

मग म्हणाली, पण आजोबा, मी तर विसरले होते. खूप वेळ गप्प उभी होते. बाबांनी सांगितलं होतं, आजोबा कॅमेऱ्याच्या आत असतात, विसरलीस तर तिथे बघ. मी तिथेच बघत होते. मग आठवलं.

 म्हटलं, हो का.

ती म्हणाली, आजीला फोन द्या.

दिला.