कुलनामाची सोय

२ जून, सोमवार. सकाळी १०.४०
साहेबांनी पालिकेची वेबसाइट माझ्याकडे सोपवली. बाहेरून आलेल्यांना जन्मदाखल्याचा अर्ज भरता येत नाही म्हणे. तो सोपा करायचाय. माणूस अगदी योग्य निवडला. बावीस वर्षं याच खिडकीवर बसून लोकांना समजावतोय, तरी ते परत येतात.
संकल्प: पंधरा दिवसांत खिडकी ओस पाडायची.

३ जून, मंगळवार
‘आडनाव’ हा शब्द फारच स्थानिक. काढला. ‘कुलनाम’ टाकला, संस्कृत असल्यामुळे देशभर चालेल. आमची ऑपरेटर स्वप्नाली म्हणाली, सर, मलाच दोनदा वाचावं लागलं. तिचं वाचन कमी आहे.

५ जून, गुरुवार. दुपार
सेल्वम आला. तमिळनाडूचा, चाकणला कंपनीत, राहतो चऱ्होलीत. मुलगी यालिनी पहिलीत जायचीय. सोळाला शाळा सुरू, आणि दाखल्याशिवाय घेणार नाही असं शाळेने सांगितलंय. बिचारा हाफ डे टाकून तिसऱ्यांदा आला.
घोळ असा, की त्याला आडनावच नाही. त्यांच्यात नसतं म्हणे. आणि तो रकाना भरल्याशिवाय वेबसाइट पुढे सरकत नाही. स्वप्नाली म्हणाली, रकाना ऐच्छिक करू. रकाना मोकळा सोडला तर ऑडिटवाले मला मोकळा सोडतील का?
दक्षिणेची संस्कृती मला कुणी शिकवू नये. तळेगाव स्टेशनबाहेर रोज इडली खातो.

६ जून, शुक्रवार
सुचलं! रकान्याखाली सूचना टाकली: ‘कुलनाम नसल्यास निरंक असे लिहावे.’ तक्रारी किती, निरंक. शिल्लक प्रकरणं, निरंक. ऑफिसात शून्याऐवजी आपण जन्मभर लिहितो तेच. पाच शब्दांत प्रश्न मिटला. सेल्वमला फोनवर अक्षरं सांगितली. अर्ज सरकला.

१० जून, मंगळवार
अडकलेले एकतीस अर्ज मंजूर, सगळ्यांवर माझी सही. साहेब खूश. गुणवंत कर्मचारी म्हणून माझं नाव जाणार असं दिसतंय. तरी खुर्चीत बसवत नाही. चार वेळा चहाला उठलो.
उद्यापासून चहा बंद.

११ जून, बुधवार
चहा पाच.

१६ जून, सोमवार. संध्याकाळी ६.००
यालिनीच्या शाळेतून मीनल मॅडमचा फोन. पहिलीत निरंक आडनावाची सहा मुलं आलीत, तमिळ, आसामी, एक नेपाळी. ही सगळी एकाच भावकीतली का, असं विचारत होत्या.
स्वप्नालीने दाखला समोर ठेवला. यालिनी सेल्वम निरंक. खाली माझी सही.
लगेच दुरुस्तीचा अर्ज उघडला. ‘चुकीचे कुलनाम’ भरलं. ‘योग्य कुलनाम’ सक्तीचं. रिकामं ठेवलं की लाल होतं, आणि खाली माझीच सूचना येते. दीड तास झटलो. स्वप्नाली तेवढ्यात घरी गेली.

१७ जून, मंगळवार. ३.००
सेल्वम आला. वाटलं, भांडणार. तर खुशीत. बाईंनी हजेरीत पोरीचं पूर्ण नाव पुकारलं म्हणे. तिने ते वहीवर लिहिलंय, मला दाखवायला वही आणली. सरकारने आडनाव दिलं म्हणून हात जोडले. मग हिंदीत विचारलं, सर, पोरगी विचारते, निरंकचा अर्थ काय.
मी म्हणालो, काही नाही.
त्याला वाटलं, मी कामात आहे. म्हणाला, सावकाश सांगा, थांबतो.

५.२०
अजून बाकावर बसलाय.