वाट मोकळी

ता. ९, रविवार दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. एक शिवीही आहे, पण ती शेवटी देईन. आधी दिली तर तू पुढचं वाचणार नाहीस.

आम्ही सगळे बरे. दुकान चालू आहे. ताडपत्र्या शिवायचा हंगाम, त्यामुळे मशीनवरून मान वर काढायला फुरसत नाही. काल एका ट्रकवाल्याने चाळण झालेली ताडपत्री आणली आणि नव्यासारखी करून द्या म्हणाला. म्हटलं, मी शिवते, जादू करत नाही. तुझे भाऊजी पेपर वाचतात आणि जगाचं कसं होणार म्हणून सुस्कारे टाकतात. तुझी बायको बरी ना? लेकीचे पडलेले दात आले का? ऑफिसातले ते नकाशे कसे चाललेत? झालं, सगळ्यांचं विचारलं. एका गोष्टीचं नाही विचारलं, ती आपल्या घरात कुणी विचारतच नाही. आज मी तिच्यावर येणार आहे, पण माझ्या चालीने येऊ दे. माझी शाळा चौथीत सुटली. वेलांट्या चुकतील, तू लाल पेन घेऊन बसू नकोस.

परवा बाबांच्या वाढदिवसाला आम्ही त्यांच्या नेहमीच्या डोंगरावर जाऊन आलो. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, तुम्ही उरका. मग आवाज बारीक करून म्हणालास, "ताई, त्यांना लंगडा मुलगा चारचौघांत मिरवायचा नव्हता. हॉस्पिटलमधून आल्यावर मला एकदाही डोंगरावर नेलं नाही. आता ते नाहीत, तर मी कशाला येऊ?" आणि फोन ठेवलास. मी इकडे बोलतच राहिले. माझं बोलणं अर्धं तोडायची तर भाऊजींचीही हिंमत नाही.

तर आता ऐक.

बाबा शेवटपर्यंत तुला आठवतात तसेच होते. डोक्यावर छप्पर आलं की त्यांचा जीव गुदमरायचा. पलटणीतून सुटून जन्म लोटला तरी चहा अंगणात, उभ्याने. पलटणीत त्यांचं काम सगळ्यांच्या पुढे जाऊन रस्ता बघून यायचं, ती खोड काही गेली नाही. भाजीला निघाले तरी "पुढचं बघून येतो." परतले की दारातूनच "वाट मोकळी." संडासातून बाहेर आले तरी तेच म्हणायचे आणि आपण दोघं पांघरुणात तोंड खुपसून हसायचो. शेवटच्या सकाळीही खाटेवरून पाय खाली सोडले आणि म्हणाले, पुढचं बघून येतो. मी म्हटलं, पडा जरा गप, मशीनला तेल घालून येते. तेल घालून आले तोवर गेले होते. रडले, नाही असं नाही. पण मला रागच जास्त आला. येतो म्हणून सांगून गेलेला माणूस, परत येऊन काही बोललाच नाही.

परवा मी, भाऊजी आणि पलटणीतले तिघे म्हातारे असे निघालो. त्यात भोंगाकाका. ज्यांच्या हाकेला घाबरून आपलं मांजर कायमचं पळालं, ते. आता त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आवाज आणखी वाढलाय. बाबांची काठी बरोबर घेतली होती, वर रोवून यायची म्हणून. माझे गुडघे आणि त्यांचे दमे बघता मला वाटलं, अर्ध्यातून परत फिरणार.

मोठ्या खडकापाशी वाट फुटते. तिथे बाबांची खूण, एक मोठा दगड आणि जायचं त्या बाजूला लहान दगड. आयुष्यभर तो लहान दगड उजवीकडे होता, खड्या चढाकडे. तो चढ तुला काय सांगायचा. परवा बघते तर दगड डावीकडे. आपल्या वेळी तिकडे नुसती काटेरी झुडपं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, चुकून ठेवला असणार. आणि उचलून उजवीकडे ठेवला.

भोंगाकाकांनी माझं मनगट धरलं. "ठेव तो परत. तुझ्या बापाच्या खुणेवर आम्ही डोळे मिटून मागून यायचो. तो एकदा जरी चुकला असता, तर आज मी ओरडायला उरलो नसतो."

ठेवला परत. निघालो डावीकडे.

आता मी हळू लिहिते, तूही हळू वाच.

झुडपं छाटलेली. डोंगराला वळसे घेत जाणारी वाट, हातगाडी जाईल एवढी रुंद. वळणावर टेकायला सपाट दगड. पायऱ्या खोदलेल्या, पण बुटक्या. पहिल्या पायरीवर पाय पडला आणि माझ्या पायाला ती ओळखीची वाटली. पिशवीत टेप असतोच, मोजली. घरी आल्यावर आपल्या दाराची पायरी मोजली. तू हॉस्पिटलमधून घरी आलास तेव्हा बाबांनी दाराची उंच पायरी फोडून तिच्या दोन केल्या होत्या, कुणाशी चकार शब्द न बोलता. तीच उंची, सुताएवढाही फरक नाही.

वाटेच्या कडेने झाडाझाडाला दोर बांधलेला. दोर माझा. दरवर्षी जुन्या ताडपत्र्यांचे दोर दुकानातून उचलून न्यायचे. मी खेकसायचे, डोंगर बांधून ठेवताय का? ते म्हणायचे, हो. मला वाटायचं थट्टा करतायत.

दोर दोन्ही कडांना होता. भाऊजी म्हणाले, एका बाजूला भागलं असतं, उगीच दुप्पट राबले. मी आधी एक दोर धरून बघितला, मग दुसरा. अरे, डावा पाय तुझा. घे, लिहिला एकदाचा. पाय. तुझा पाय अधू, म्हणून उजव्या हाताने धरल्याशिवाय तुझा तोल राहत नाही. चढताना तो हात एका कडेला येतो, उतरताना दुसऱ्या. तुला नुसतं वर नेणं नव्हतं त्यांच्या डोक्यात. परत सुखरूप खाली आणणंही होतं.

मग बोलले का नाहीत, असं विचारशील. मीही विचारलं, तिथेच, आभाळाकडे बघून. उत्तर शेवटच्या वळणावर मिळालं. माथ्याखालचा थोडा तुकडा राहून गेला होता. कुदळ तिथेच आडवी पडलेली, दांड्याला माझ्या ताडपत्रीची चिंधी गुंडाळलेली. रस्ता पुरता बघितल्याशिवाय त्यांनी कधी मोकळा म्हटला होता का?

मग काय. म्हाताऱ्यांनी सदरे काढून झाडाला टांगले. मी पदर खोचला. भोंगाकाका हुकूम सोडत होते, कुणी ऐकत नव्हतं, पण काम होत होतं. पेपरवाले भाऊजीसुद्धा दगड वाहत होते, जगाची काळजी विसरून. पायरी घातली की मी टेप लावायची, उंच झाली की फोडायला लावायची. उन्हं कलायच्या आत माथ्याला टेकलो. तिथे भोंगाकाकांनी असा पुकारा केला की खालची कुत्री भुंकायला लागली. मी हसत होते, धापा टाकत होते, आणि माझ्या गुडघ्यांना दुखायची आठवणच नव्हती.

काठी रोवली नाही. खळगा खणून ठेवलाय, काठी खाली आणलीय. ती तू घेऊन चढ आणि वर रोव. उतरायला दोर आहे.

मिरवायचा नव्हता म्हणे. गाढवा, ही ती शिवी, अख्खा डोंगर कापला त्यांनी तुझ्यासाठी. ही वाट कुठल्या नकाशात नसेल, तू येऊन काढ. लेकीलाही आण.

पुढचं मी बघून आले. वाट मोकळी.

तुझी,
ताई