दोघांचं गाऱ्हाणं

बाबा, तुमचा नातू देशभरातल्या कॉलेजच्या पोरांमध्ये दुसरा आला. कशात ते ऐकाल तर हसाल. गोल्फमध्ये! तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, त्यामुळे ना नातू तुम्हाला ठाऊक, ना हा खेळ. पण समजायला सोपा आहे. पांढरा चेंडू काठीने मारत मारत लांबच्या भोकात घालायचा, ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. पोरगा शिकायला पुण्याला गेला, तिथे खेळाच्या सरांनी हातात काठी दिली आणि याला वेडच लागलं. सुट्टीत घरी आला की आपल्या घरामागच्या कातळाच्या सड्यावर, करवंदीच्या जाळ्यांमधून चेंडू मारत बसायचा. कातळावर आपटलेला चेंडू कुठे जाईल त्याचा काही नेम नाही. आमचे हे म्हणतात, देवगडात हापूस सगळ्यांकडेच पिकतो, आपल्या बागेत चेंडू पिकतात. यांना तुम्ही पाहिलं नाहीत. वेंगुर्ल्याचे, लग्नानंतर इथे आपल्याच घरी राहायला आले; स्वभावाने गरीब, आवाज मात्र तुमच्या तोडीचा.

यंदाची आंतरविद्यापीठ स्पर्धा पार उत्तरेकडे होती. आपल्याकडच्या नांदगावला गाडीत बसलो आणि उतरेपर्यंत अंग आंबून गेलं. पण काय ती हिरवळ! तिच्यावर चप्पल घालून चालायचीसुद्धा लाज वाटत होती मला. आणि शांतता तर अशी, की पोरगा मारायला उभा राहिला की कुणी खोकायचंही नाही. तुम्हाला इथे आणलं असतं तर पहिल्याच भोकापाशी बाहेर काढलं असतं, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले.

कबड्डीच्या फायनलचा दिवस मला अजून दिसतो. देवळासमोर आपली वाडी आणि खालची वाडी उभी आहे. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. तुम्ही नारळ ठेवून हात जोडता, एकेक मागणं खड्या आवाजात म्हणता आणि मागे उभा सगळा गाव प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. मी तुमचा सदरा ओढते आणि कानात सांगते, आपलीच वाडी जिंकू दे म्हणून मागा. तुम्ही गाऱ्हाणं होतं तसंच पुरं केलंत. घरी आल्यावर, आई भाकऱ्या भाजत होती, तेव्हा चुलीपुढे मला समोर बसवलंत.

“खालच्या वाडयेचा गाऱ्हाणा पण माकाच घालूचा आसता गो. देवाक एका बाजूक वढूचा नाय.”

आपण हरलो होतो आणि मी रुसले होते. नारळातला सगळ्यात मोठा तुकडा तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. मी तो रागारागाने खाल्ला, पण खाल्ला.

तर शेवटच्या दिवशी, शेवटच्या भोकापाशी आमचा पोरगा आणि पंजाबकडचा एक उंच मुलगा असे दोघेच वरच्या नंबरात उरलेले. तो एका फटक्याने पुढे. त्याचा चेंडू जास्त लांब म्हणून पाळी आधी त्याची. त्याने घातला की संपलं, आणि चुकला तर आमच्याला बरोबरीची संधी. पोराने या खेळापायी उन्हात कातडी जाळून घेतली होती हो. माझे ओठ आपोआप हलायला लागले. बा देवा म्हाराजा, ह्येचो चेंडू चुकू दी. अगदी पुटपुटले, पण हे शेजारीच उभे. कानावर ‘म्हाराजा’ पडलं आणि लहानपणापासूनची सवय, यांनी ठोकून दिलं, “व्हय म्हाराजा!”

तो मुलगा दचकून मागे सरला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हे स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभे. आमचा पोरगा त्या मुलाजवळ गेला, काहीतरी म्हणाला, दोघेही हसले. मग आमच्यापाशी आला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. कबड्डीची ती गोष्ट मीच त्याला भरवताना सांगायचे, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

“आये,” तो हळूच म्हणाला, “आता दोघांचा घाल.”

घातलं मी. बा देवा म्हाराजा, दोघांचा बरा कर. यांनी दाबल्या तोंडानेच ‘व्हय’ म्हटलं. त्या मुलाने चेंडू अलगद भोकात घातला आणि तो जिंकला. मागोमाग आमच्यानेही घातला, आणि दुसरा आला. संध्याकाळी त्या मुलाने माझ्या डब्यातलं गुळाचं खाजं संपवलं आणि ती आरोळी यांच्याकडून शिकून घेतली. आमचा पोरगा इतका हसत होता की मला वाईट वाटून घ्यायला सवडच मिळाली नाही.

पदक तुमच्या फोटोला अडकवलंय. हे पत्रही तिथेच मागे खोचून ठेवते, पोस्टमन बिचारा तुमच्यापर्यंत कुठून येणार? एक तेवढं सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा मी तोंडाने दोघांचं म्हटलं खरं, पण मनात तेव्हाही तो चेंडू चुकायलाच हवा होता. देवाने तोंडातलं ऐकलं. काल नारळ फोडला तेव्हा सगळ्यात मोठा तुकडा मी पोराच्या हातावर ठेवला आणि हात तिथेच थांबला. बाबा, त्या दिवशी तुमच्याही मनात आपलीच वाडी होती ना?