आपल्या खर्चाला शोभेल असं कार्ड

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी तुला क्रेडिट कार्डाबद्दल लिहितेय, हे तुला मुळीच आवडलं नसतं. फुकट म्हणून गळ्यात मारलेल्या प्रत्येक वस्तूची तुला चीड. मी सात वर्षांची असेन. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात दिवसभर टॉवेलांच्या कडा शिवून तू सुटलीस, मला घेऊन वाण्याकडं आलीस, आणि मी हट्ट धरला की काचेचा पेला मिळतो तीच चहापूड घ्यायची. तू भर दुकानात म्हणालीस, "पेल्यासाठी चहा पितीस व्हय गं? घरात पेले न्हाईत?" वाणी हसला, गिऱ्हाइकं हसली. मी रस्ताभर रडले. पण तेव्हापासून फुकटाला भुलणारी माणसं माझ्या मनातून उतरली ती उतरलीच, आणि नेमका तसलाच नवरा माझ्या वाट्याला आला.

तू त्यांना पाहिलं नाहीस. शाळेत शिकवतात, आणि तेही गणित! दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅशबॅकचं कार्ड घेतलं. ऑनलाइन खरेदीवर शंभराला पाच रुपये परत, बाकी सगळ्यावर एक. त्याच खात्यावरचं एक जोडकार्ड मलाही दिलं. तेव्हापासून दर महिन्याला मोबाइल माझ्यापुढं धरतात, "बघ, एवढे परत आले की!" मी मान वर न करता पोळी लाटत राहते. किराणा कोपऱ्यावरून, भाजी मंडईतून, औषधं मी काम करते त्या दवाखान्याखालून. हा माणूस ऑनलाइन घेतो काय, तर वर्षाला एक पट्टा. एकदा पाहुण्यांसमोर मी बोललेच, "यांना कुणीही टोपी घालावी." ते नुसते हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

गेल्या महिन्यात कार्डाची वार्षिक फी लागल्याचा मेसेज आला. मी म्हटलं, आता मीच दाखवते कार्ड कसं निवडायचं ते, आणि तडक बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "मॅडम, जास्त खर्च कशावर होतो तुमचा?"

"किराणा आणि औषधं. साधी माणसं आमी."

"मग हे बघा. किराण्यावर जास्त परत मिळतं, फी न्हाई. महिन्याला मर्यादा आहे तेवढी. पण आधी सहा महिन्यांची स्टेटमेंटं काढून बघा. लोक सांगतात एक खर्च, करतात भलताच."

मोठी शहाणी, असं मनात म्हणत मी घरी आले. स्टेटमेंटं यांच्याच ईमेलवर येतात. मागितली तर म्हणाले, "कशाला? चाललंय की." त्यात काहीतरी लपवलंय याची मला खात्रीच झाली, आणि हट्टानं ती छापून आणायला लावली. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक ओळ खुणेनं वेगळी करत गेले. किराणा थोडा, पेट्रोल थोडं. बाकी पानंच्या पानं कुर्ते, साड्या, चपला, तोंडाला लावायच्या क्रीमच्या बाटल्या. सगळं माझं. पार्सलं मी दवाखान्याच्या पत्त्यावर मागवते, तिथंच फोडते आणि एकेक वस्तू पिशवीतून घरी आणते. जोडकार्डाचा हिशेब त्यांच्याकडं जातो हे मला कळत नव्हतं असं नाही, पण ते कधी ओळ न् ओळ वाचत असतील असं वाटलंच नव्हतं. कार्डाआधीही मी त्यांच्याच खात्यातून घ्यायचे. म्हणजे गणिताच्या मास्तरांनी गणित बरोबरच केलं होतं, खर्च तेवढा माझा धरला होता. आणि दोन वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही.

संध्याकाळी ते म्हणाले, "मग? कुठलं ठरलं?"

"हेच राहू दे. बाकीची याहून भिकार आहेत."

"बरं," म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं, आई. हे कुठंच पोचणार नाही, म्हणून एवढं लिहिता आलं.