बाबांच्या गळाच्या पेटीबाबत

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खराखुरा. बाबांचा एक मासा कपाटाखाली गेला आहे, तो फूटपट्टीने ओढता ओढता जमिनीवर पालथी पडूनच हे लिहिते आहे.) तुमची पाठ आता कशी आहे? मुलांच्या परीक्षा झाल्या का? आणि बाबा शनिवारीच परत येणार हे अगदी नक्की आहे का? घाई नाही, आपलं सहज विचारलं.

खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन बाबाच उचलतात. पत्रंही तेच फोडतात (घरात आलेलं टपाल सगळ्यांचं असतं, हे त्यांचं मत तुम्हाला माहीतच आहे), म्हणून पाकिटावर 'झबल्याचे नमुने' असं लिहिलं आहे आणि आत अक्षर मुंगीएवढं काढलं आहे. तुम्ही चष्मा लावून, दार लावून वाचा.

तर झालं असं. तुमच्याकडे निघताना बाबांनी त्यांच्या खोलीची किल्ली दिली. माझ्या हातात, तुमच्या भावाच्या नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच. 'लक्ष असू दे' एवढंच म्हणाले, आणि मी दोन दिवस त्या आनंदातच होते. तिसऱ्या दिवशी खोली झाडायला घेतली, तिथेच घात झाला. भिंतीवर त्यांचे तीन रॉड, प्रत्येकाला त्याचं त्याचं रीळ, आणि खाली खोट्या माशांची पेटी. लाकडाचे, पत्र्याचे, प्लास्टिकचे मिळून सत्तावीस. हलका मासा दणकट रॉडला लावला तर फेकल्यावर पायाशीच पडतो आणि जड मासा नाजूक रॉडला लावला तर रॉडचं टोक मोडतं, हे त्यांनी मला जेवताना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण कुठला हलका आणि कुठला जड हे मी कधी विचारलंच नाही, कारण तेव्हा मी वाढत असते.

केरसुणीचा दांडा लागला आणि पेटी उपडी झाली. आता बारा वर्षं मी सुता-बटणांच्या दुकानात काढली आहेत. काही सांडलेलं दिसलं की माझे हात आपोआप ते रंगाप्रमाणे लावायला लागतात. आधी सगळे साबणाने धुतले. प्रत्येकाच्या कडीला एकेक कळकट दोरा गाठी मारून बांधलेला होता, ते दोरेही कात्रीने कापून काढले. मग फिकट पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत असे काही मांडले, की आमच्या दुकानाच्या काचेतही इतकं देखणं कधी दिसलं नसेल. पाच मिनिटं मी स्वतःवर खूष होते. सहाव्या मिनिटाला पाचावर धारण बसली. कारण बाबा पेटीकडे न बघता, बोलता बोलता, हाताला येईल त्या कप्प्यातून मासा उचलतात. रविवारी ते तळ्यावर जाणार, काहीतरी भलतंच जड त्या नाजूक रॉडला अडकवणार आणि फेकणार. आणि नाजूक रॉड म्हणजे आईंनी जाण्याआधीच्या वर्षी घेऊन दिलेला. त्याचं टोक मोडलं तर मी कुठल्या तोंडाने या घरात राहू, सांगा!

तुमच्या बंधुराजांना विचारलं. ते म्हणाले, 'त्यात काय, एकेक फेकून बघ.' (स्वतः खुर्चीतून उठले नाहीत.) म्हणून मधला रॉड घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि एक पत्र्याचा मासा फेकला. त्याचे गळ आधी काढून ठेवावेत हे सुचलंच नाही. मासा झोकात गेला, तो थेट खालच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत. मी ओढतेय, चादर सुटत नाहीये, तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि चादर धरून तिकडून ओढायला लागल्या. रीळ किर्र करून ओरडायला लागलं. त्या म्हणतात, 'आधी दोर सोडा!' मी म्हणते, 'आधी चादर सोडा!' बंधुराज बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. चादर मी रफू करून देणार आहे. बाई मला 'इयत्ता कोणती?' असं विचारून आत गेल्या.

तर वन्सं, चहाच्या वेळी बाबांना सहज विचारा, की बाबा, कुठला मासा कुठल्या रॉडला? आणि मला कळवा. बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. – खरं सांगू? बाबांना आणखी आठवडाभर ठेवूनच घ्या. तुमची पाठ फार दुखते म्हणावं.

ता. क. दुसरा – पाठीचं राहू द्या. सगळे मासे पिशवीत घालून औषधांच्या दुकानात वजन करायला नेले होते. दुकानदार म्हणाले, 'वहिनी, काटा कशाला? प्रत्येकाच्या पोटावर ग्रॅम छापलेत की.' होतेच. बारीक, पण होते. रॉडवरही होते, किती ग्रॅमपासून कितीपर्यंत ते. अर्ध्या तासात काम झालं. हसत घरी आले, तोवर बंधुराजांनी कपाटाखालचा मासा काढून ठेवला होता. तो धुवायचा राहिला होता, त्यामुळे त्याचा दोरा तसाच होता. दोऱ्याला एक गाठ. पोटावर सहा ग्रॅम. मग रॉडकडे पाहिलं. मुठीपाशी तसाच कळकट दोरा: नाजूक रॉडला एक गाठ, मधल्याला दोन, दणकटाला तीन. वन्सं, आकडे छापलेले असताना बाबांनी सत्तावीस दोऱ्यांना गाठी कशाला मारल्या असतील? वर्षभर ते पेपर माझ्याकडून वाचून घेतात. 'हल्ली छपाई बिघडली' म्हणतात. मला वाटायचं, माझं वाचणं त्यांना आवडतं. मला फार रडू आलं. बोटांनी चाचपून मासे ओळखणारा माणूस घरात आहे आणि मी त्याच्या गाठी कापून टाकल्या. तुमच्या चष्म्याचा नंबर तपासायचा आहे असं सांगून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. मला कळलं आहे, हे त्यांना सांगू नका. गाठी सगळ्या परत मारते आहे, दोरा चहाच्या पाण्यात बुडवून.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. बाबांना वाचता येऊ नये म्हणून एवढं बारीक अक्षर काढलं, आणि आता जीव टांगणीला लागला आहे की त्यांना ते खरंच वाचता येणार नाही. बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर आत्ताच्या आत्ता फोन करा आणि मला चांगलं झापा. मी फोनपाशीच बसले आहे.