खडवलीचा मेस्त्री

बाबा, आयनं काल परत विचारलं. मी नाशिकहून लॉरीवर आलेलो. लॉरी म्हणजे चालवायला नाही, क्लीनर आहे मी, कल्याणच्या एका मालकाकडे, तेही किती दिवस टिकेन कोण जाणे. घरी आलो तर ती चुलीपुढे बसलेली, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भेटला काय र तो मेस्त्री?" मी म्हटलं, नाय भेटला. "नाशिक मोठं हाय," असं म्हणून तिनं भाकरी उलटली. आठ वर्षं झाली तुला जाऊन आणि आठ वर्षं ती हेच विचारते. तिच्या हिशेबी खडवलीचा मेस्त्री सापडला, तो कोर्टात साहेबापुढे उभा राहिला, की केस परत उभी राहील, आणि तू कारखान्यात काम करता करता मेलास हे कागदावर येईल. भरपाईचं ती आता बोलत नाही. कागदाचं बोलते. तिला सांगायला हवं ते मला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो. तू काही उलटून बोलणार नाहीस. तसा तू जिवंतपणीही कुठे बोलायचास.

बोलायला हवं होतंस पण. मला तुझा राग येतो, बाबा, खरं सांगतो. नाव माझं होतं, जागा माझी होती, तू कशाला जायचास? ठाण्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात तुला वय झालं म्हणून घेतलं नाही आणि मला घेतलं, तेव्हा मी अठराचा होतो आणि एका जागी अर्धा तास बसवत नव्हतं मला. तुला ते ठाऊक होतं. शाळेतही मी खिडकीकडेच बघायचो, चौथीनंतर मास्तरांनीच हात जोडले. तर मी आठवड्यातून एखादा दिवस कुठेतरी निघून जायचो आणि त्या दिवशी तू सकाळी माझा सदरा अंगात घालून कोपरहून डोंबिवलीपर्यंत चालत, तिथून गाडीनं ठाण्याला जायचास. मुकादम फाटकाशी हजेरीचा पट घेऊन उभा असायचा. तुला बघून हसायचा, "आज बाप काय? ल्योक कुठं उलथला?" आणि माझ्या नावापुढे खूण करायचा. तू त्याला महिन्यातून दोनदा चिंबोऱ्या नेऊन द्यायचास, खाडीतल्या, केळीच्या सोपटानं नांग्या बांधून. मुकादम घाटावरचा, खेकडे म्हणायचा त्यांना, आधी खाताही येत नव्हत्या त्याला. तूच फोडायला शिकवलंस त्याला, पाय आधी, मग नांगी, मग पाठ. हे मला मुकादमानंच सांगितलेलं, तू नाही.

तुझ्या दृष्टीनं त्यात चोरी नव्हतीच. तू मिठागराचा माणूस. मिठागरावर माणूस मोजत नव्हते, घर मोजत होते. आगरावर जागा घराची, मग आज तू गेलास, उद्या आय गेली, परवा मी लहान असताना काका गेला, हाक मारणारा घराचं नाव घ्यायचा आणि जो असेल तो 'हाय' म्हणायचा. मीठ ओढलं गेलं की झालं. आय मी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत गेली म्हणे, आणि नवव्यात तिच्या जागी आजी. मला अजून ते मीठ आठवतं, उन्हात पांढरं नाही, निळसर दिसायचं, आणि तुझ्या पायाच्या भेगा कधी भरल्या नाहीत ते त्याच्यामुळेच. पण ते राहू दे. सांगायचं होतं ते हे की तू तोच कायदा उचलून कारखान्यात नेलास. घराची जागा आहे, घरातला कोणीतरी हजर आहे, अजून काय पाहिजे? तुला वाटलं सगळ्या जगाला हेच माहीत असणार.

तू मेलास त्याच्या आदल्या दिवशी मी तुला सांगितलं, खडवलीला एक मेस्त्री आहे, मोटारी दुरुस्त करतो, त्याला हाताखाली पोरगा पाहिजे. तुझा चेहरा काय खुलला! तुला माझं कारखान्यात असणं कधीच आवडलं नव्हतं, तो पट्टा तुला आवडत नव्हता. वरच्या शाफ्टवरून रंग दळायच्या चक्कीवर यायचा तो पट्टा, त्याला जाळी होती, पण ती भिंतीला टेकवून ठेवलेली. जाळी असली की रंग अडकतो, साफ करायला वेळ जातो. तपासणीला साहेब यायचा त्या दिवशी सकाळी बसवायचे आणि तो जेवायला गेला की काढायचे. तू मला म्हणालास, "मोटारीचं शिक. मोटार बंद केली की बंद व्हते. यो पट्टा कोनाच्या बापाचा ऐकत नाय." एवढं लांब वाक्य तू वर्षातून एखादंच बोलायचास. मग पहाटे ओहोटीला खाडीत उतरलास, आणि निघताना माझ्या हातात चिंबोऱ्यांची पिशवी दिलीस. "मेस्त्रीला दे. मोकल्या हातानं जाऊ नको. मी तुज्या नावानं उभा ऱ्हातो." आणि माझा सदरा चढवलास. तो तुला ढगळ व्हायचा, बाह्या लोंबायच्या.

बाही पट्ट्यात गेली. बाकीचं मला लिहायचं नाही, आणि मी बघितलंही नाही, मी नव्हतोच. संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर माणसं, आणि आय तुझे कान पुसत होती. कानात निळा रंग बसलेला, निघत नव्हता. ती पुसतच होती.

दावा लावायचं आयच्याच डोक्यात आलं. आमच्यात कोर्टाची पायरी चढलेला कोणी नव्हता, पण ती ठाण्याला गेली आणि वकील शोधून काढला, म्हातारे, कोट कोपरावर फाटलेला, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी समजावलं की कामावर माणूस मेला तर मालकाला भरपाई द्यावी लागते, कायदा आहे, आणि जाळी काढलेली होती म्हणजे चूक मालकाचीच. आय म्हणाली, "मग दावा सोपा हाय." वकिलांनी चष्मा काढला. "सोपा असता, बाई. पण त्यांनी लेखी दिलंय की मयत इसम हा कंपनीचा कामगारच नव्हता. तो परवानगीशिवाय आवारात शिरला." इसम! तुझ्यासारख्या माणसाला इसम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मी कितीतरी दिवस तो शब्द तोंडात घोळवत फिरत होतो. अजूनही पोलीसचौकीवरून लॉरी जाते तेव्हा पाटीवर दिसतो, बेवारस इसम, आणि मला तू आठवतोस, जो कधी बेवारस नव्हता.

पटावर त्या दिवशी मी हजर होतो, बाबा. म्हणजे कागदावर मी कामाला होतो, आणि मी जिवंत, धडधाकट. मग मेला कोण? वकील मला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हतात, एवढंच सिद्ध करायचं आहे. तुम्ही नव्हतात म्हणजे तुमच्या जागी ते होते, आणि मुकादमाला ते ठाऊक होतं. त्या मेस्त्रीला साक्षीला आणा, बास." मी हो म्हटलं. खडवलीला जाऊन आलो, आणि आयला सांगितलं, मेस्त्रीनं दुकान हलवलं, नाशिकला गेला. नाशिक का म्हटलं? कसाऱ्याच्या गाडीत बसलेलो, समोर एक बाई द्राक्षांची करंडी घेऊन बसलेली, ती नाशिकची. एवढंच कारण. आणि आता बघ, त्याच रस्त्यावर मला चाकरी मिळाली.

साक्षीच्या दिवशी मुकादम आधी उभा राहिला. गळ्याची शपथ घेतल्यासारखं बोलला. "मी या म्हाताऱ्याला ओळखत नाही, साहेब. कधी बघितला नाही." मागच्या बाकावरून आय उठली, "चिंबोऱ्या कोनाच्या खाल्ल्यास रे मेल्या?" लोक हसले. साहेबही हसू दाबत म्हणाले, बाई, खाली बसा. ती बसली नाही. "त्याच्या कानात निळा रंग व्हता, साहेब. खाडीत काय निळा रंग येतो?" कंपनीचा वकील तरुण होता, गोरा, केसांना तेल. फार नम्र. "रंग हा पुरावा होत नाही, आई," म्हणाला. आई म्हणाला तिला. आणि मग, "म्हणजे आपलं म्हणणं, एका नावात दोन माणसं कामाला येत होती?" आय म्हणाली, "आमच्यात नाव घराचा असतंय." त्यानं साहेबांकडे बघून नुसती मान हलवली, आणि मला वाटतं केस तिथेच अर्धी गेली. तिनं तुझा मिठागराचा कायदा त्याला सांगितला, आणि तो कायदा तिथे कोणाच्या पुस्तकात नव्हता.

मग मी. तोच गोरा वकील विचारत होता. कुठे होतात? खडवलीला. कोणाकडे? मेस्त्रीकडे. मेस्त्रीचं नाव? मी मेस्त्रीच म्हणायचो. गॅरेज स्टेशनच्या कुठल्या बाजूला? किती मोटारी उभ्या होत्या? मी कठड्याचं लाकूड नखानं खरवडत होतो. त्याच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या पोराला पाढे विचारतात तसा विचारत होता. मेस्त्री नव्हताच, बाबा. गॅरेज नव्हतं. खडवलीला नदी आहे, ती मला ठाऊक होती. मला त्या दिवशी नदीवर जाऊन पडायचं होतं, इतकंच. तू आनंदानं पाठवावंस म्हणून मी एक माणूस बनवला, आणि तो माणूस आता माझ्या मागे उभा होता, त्याला तोंड नव्हतं. वकील म्हणाला, "घाबरू नका. पटावर तुमच्या नावापुढे हजर अशी खूण आहे. पट खरा की तुम्ही?" मुकादम माझ्याकडे बघत होता. आदल्या दिवशी त्यानं मला फाटकाशी गाठून सांगितलेलं, खोट्या हजेरीची केस झाली तर आत जाशील. पण मी त्याला भ्यालो नाही, हे तुला सांगतो. मी मागे बघितलं, आय बसलेली, पदर तोंडाशी, माझ्याकडे बघत. तिला वाटत होतं मी मेस्त्रीचं नाव आठवतोय.

"पट खरा, साहेब," मी म्हटलं.

आमच्या म्हाताऱ्या वकिलांनी कागद गोळा करून दोरी बांधली. बाहेर आल्यावर आयला म्हणाले, "मुलगा घाबरला." ती अजून तेच म्हणते. घाबरला, म्हणून बोलला, मेस्त्री असता तर बळ आलं असतं. मग मी तो कारखाना सोडला, मग कौलांच्या भट्टीवर, मग जव्हारपर्यंत लाकडांच्या गाड्यांवर, एक पावसाळा कुठे होतो तेही धड आठवत नाही. कारखाना अजून चालतो. मागे ठाण्यावरून लॉरी गेली तेव्हा फाटकाशी कोणी दुसराच पट घेऊन उभा होता. जाळीचं काय झालं ते रस्त्यावरून दिसत नाही.

मुकादमाला मी शिव्या घालतो, त्या गोऱ्या वकिलाला घालतो, तुलाही घालतो, सगळं झालं. आता राहिलं ते. साक्षीदार होता, बाबा. खरा. नदीवर एक कातकरी म्हातारा मासे धरत बसलेला, सबंध दिवस तो आणि मीच. विस्तव त्यानंच दिला. त्याचं नाव, त्याची झोपडी, सगळं मला ठाऊक होतं, साक्षीसाठी खडवलीला गेलो तेव्हा तो तिथेच होता. मला बघून हसला, म्हणाला, "आज काय नाय आनलास?" त्याला नुसतं चल म्हटलं असतं तर तो आला असता. पण साहेबांनी विचारलं असतं, हा पोरगा नदीवर काय करत होता, आणि त्यानं सांगितलं असतं, आणि आयनं ऐकलं असतं.

लिहून झालं की हे चुलीत घालीन, तिला वाचता येत नसलं तरी. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईल ती. परवा पुन्हा नाशिक आहे.

मेस्त्रीसाठी दिलेल्या त्या चिंबोऱ्या, आठ होत्या. दोन म्हाताऱ्याला दिल्या. सहा मी भाजून खाल्ल्या, तू शिकवलेल्यासारख्या, पाय आधी, मग नांगी, मग पाठ. अवस जवळ आलेली. मांसानं चांगल्या भरलेल्या होत्या.