शिवराईचं फिनिशिंग

११ सप्टेंबर, गुरुवार. कंपनीला सुट्टी.
आजपासून मी नाणेसंग्राहक. सासरे तात्याबा यांनी देवघरातली तांब्याची शिवराई स्वतः माझ्या हातात ठेवली. आज्यापास्नं घरात हाय म्हणाले, कुठल्या महाराजांच्या वक्ताची तेवढं बगून सांगा, दसऱ्याला पूजेत लागती. सख्ख्या मुलाला कधी हात लावू दिला नाही, मला दिली! रुपाली म्हणाली, बाबांचा जीव आहे त्यात, जपा. बायकोला माझी योग्यता कधी कळणार?

१२ सप्टेंबर. कॅन्टीन.
मोबाईलवर संशोधन. नाण्यांचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप, अकरा पीडीएफ, एका म्युझियमची वेबसाइट. अजून काही उघडलं नाही, पण साहित्य जमलं हे महत्त्वाचं. ग्रुपवरच्या एका सरांनी आधी एक पुस्तक नीट वाचा म्हणून सांगितलं. जाडजूड इंग्रजी पुस्तक ऑर्डर केलं.

१६ सप्टेंबर.
पुस्तक आलं. सुरुवातीची पानं सोडली, तिथे लोक एकमेकांचे आभार मानतात. थेट फोटो गाठले. पुस्तकातली अक्षरं कशी ठसठशीत! आपली शिवराई काळीकुट्ट, भिंगातूनही काही दिसेना. तात्याबा म्हणे नुसता अंगठा फिरवून ‘श्री’ कुठे ते सांगतात. धड दिसत नाही बिचाऱ्यांना. वयाचे भास.

१७ सप्टेंबर.
चौदा वर्षं क्वालिटीत आहे. असा काळा पार्ट मी लाइनवरून पुढे जाऊ दिला नसता. ग्रुपवर विचारलं, नाणं साफ कसं करावं? सात जणांनी लिहिलं, करू नका. एकाने लिहिलं, चिंच. सात जण आळशी निघाले.

१९ सप्टेंबर. फर्स्ट शिफ्ट.
चिंच वगैरे घरगुती कामं. पार्ट चाकावर घासून चकचकीत करणाऱ्या बफिंग सेक्शनच्या समाधानला चहा पाजला. नक्की ना भाऊ, असं त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, क्वालिटी मी बघतो, तू चाक लाव. अर्ध्या मिनिटात आरसा! त्यात माझा चेहरा दिसला. अक्षरं दिसली नाहीत, पण ती आधीही दिसत नव्हती. म्हणजे नुकसान शून्य.

२१ सप्टेंबर.
फोटो ग्रुपवर टाकला. सरांनी नुसते हात जोडले. दुसऱ्याने विचारलं, हा वॉशर कुठला? दुपारी ॲडमिनने मला काढून टाकलं. मीही निघणारच होतो. नवशिक्याला वाऱ्यावर सोडणारी माणसं!

२५ सप्टेंबर, गुरुवार.
वेळ होता म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. तिथे ठळक अक्षरांत: नाणं कधीही घासू नका. शुद्ध दगा! एवढी मोठी गोष्ट कुणी पहिल्याच पानावर लपवतं का? समाधानला जाब विचारला तर म्हणाला, भाऊ, क्वालिटी तुम्हीच बघणार होतात. तोही फिरला. ज्याच्यावर विश्वास टाकावा तो उलटतो. असो. दसऱ्याला सगळं घर भांडी घासतं. तात्याबांना लखलखीत शिवराई आवडेलच.

२ ऑक्टोबर. दसरा.
गावी गेलो. जाताना गाडीत भाषण पाठ केलं होतं. तात्याबांच्या तळहातावर शिवराई ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला. उलटवून पुन्हा फिरवला. मग कडेकडेने फिरवला. शेवटी त्यांनी ती माझ्या मुठीत ठेवून माझी बोटं मिटवली आणि हळूच म्हणाले, ही न्हाई जावईबापू, आमची द्या.

हीच आहे, म्हणालो. तीनदा म्हणालो. आधीचा फोटो दाखवावा म्हणून मोबाईल काढला. घासण्याआधीचा एकही नव्हता, पीडीएफ अकरा होत्या. समाधानला फोन लावला, त्याने उचलला नाही.

पूजेत शिवराईच्या जागी सुपारी मांडली. तात्याबांनी मला आपट्याची पानं दिली, नेहमीसारखं सोन्यासारखे राहा म्हणाले, पण हात लगेच मागे घेतला.

परतताना रुपाली खिडकीबाहेर बघत होती. चाकण चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तिने एकच विचारलं, कुणाला विकलीत?

नाणं खिशातच होतं. माझ्या संग्रहातलं पहिलं.